नूबियातल्या आठवणीही वारसाच

गिझाच्या पिरॅमिडांजवळचे ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५मध्ये रीतसर खुले झाले आणि तुतनखामेनच्या खजिन्याची वर्णने सर्वत्र वाचायला मिळाली. आनंदच आहे. पण इजिप्तचा वारसा म्हणजे फक्त फॅरोंचे सोने नव्हे. आस्वानच्या मोठ्या धरणासाठी अबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारली गेली, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याच धरणाच्या पाण्याखाली नूबियातल्या, म्हणजे इजिप्तच्या दक्षिण टोकाच्या नाईलकाठच्या प्रदेशातल्या, नूबियन लोकांची गावे गेली. सुमारे ५० हजार माणसांना कोम ओम्बोच्या परिसरात हलवले गेले, नाईलच्या काठापासून दूर. नव्या वसाहतींना त्यांनी जुन्याच गावांची नावे दिली. कोयना खोऱ्यातल्या धरणग्रस्तांना ही व्यथा वेगळी समजावून सांगायला नको.

नूबियातल्या तोष्का गावात जन्मलेले, ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारे हमझा एल दिन यांनी ते बुडालेले जग सुरांतून जगभर पोहोचवले. आजीआजोबांकडून ऐकलेली खजुराची झाडे, लग्नाची गाणी, नदीचे किस्से आज नूबियन तरुण स्वतःच्या आवाजात सांगत आहेत. मंदिरांसाठी जगाने पैसा उभा केला. या आठवणींच्या ध्वनिमुद्रणासाठी, नूबियन भाषांच्या शिक्षणासाठीही तो मिळावा. आपल्या वृत्तपत्रांनीही इजिप्तविषयी लिहिताना या माणसांना जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पाटण (जि. सातारा)