शुक्रवारच्या फोननंतर

कराड, रविवार दुपार

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी रात्री तू फोनवर रडलीस आणि मी "होतं गं असं, मनाला लावून घेऊ नकोस" एवढंच म्हणून मोकळी झाले. मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तू मला खरं सांगितलंस आणि मी तुझी समजूत काढली. म्हणून आज तुझे बाबा जेवून पडलेत तोवर लिहायला बसले आहे. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

तू म्हणालीस, शाळेतले जोडीचे सर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामावर गेलेत, आठवडाभर चारही वर्ग तुझ्याच गळ्यात आहेत. 38 मुलं, त्यात पहिलीची नऊ. दिवसभर एकाही पोरावर आवाज चढवला नाहीस. पोषण आहाराची माहिती भरलीस, निपुणच्या, म्हणजे मुलांच्या वाचन-गणिताच्या नोंदी केल्यास, कवठ्याहून एसटीत उभ्यानं मिरजेपर्यंत आलीस. आणि घरात पाऊल टाकल्यावर छोट्याच्या हातून दुधाचा पेला सांडला तर त्याच्यावर अशी ओरडलीस की तो पलंगाखाली जाऊन बसला. "आई, परक्यांच्या लेकरांशी मी किती गोड वागते गं," असं म्हणालीस. ते वाक्य माझ्या काळजात रुतलं, कारण ते माझंच आहे. फक्त मी ते कधी कुणापुढे उच्चारलं नाही.

तू तिसरीत होतीस. 2001 सालचा फेब्रुवारी. जनगणना 9 ते 28 तारखेपर्यंत होती आणि पाटणकडच्या तीन वाड्या माझ्या वाट्याला आल्या होत्या. शाळा सुटली की कागदांची पिशवी खांद्याला लावून चढ चढायचा, दारोदार माणसं मोजायची. घरातले लोक रानातून परत आलेले नसायचे, तेवढा वेळ ओट्यावर वाट बघत बसायचं. त्यातच महिन्याचा तांदूळ आला होता. तेव्हा शाळेत अन्न शिजत नव्हतं. 80 टक्के हजेरी असलेल्या पोराला महिन्याला 3 किलो तांदूळ मिळायचा आणि तो आम्हीच तागडीनं मोजून वाटायचो. केसांत तांदळाची भुकटी घेऊनच मी वर्गावर उभी राहायची.

वर्गात एक मुलगा होता, त्याला 'घ' आणि 'ध' वेगळे कळत नव्हते. घराला धर म्हणायचा. दोन महिने मी त्याच्यामागे होते. ताटात बारीक वाळू पसरून त्याचं बोट धरून गिरवून घ्यायची, पुन्हा पुसायची, पुन्हा गिरवायची. त्या गुरुवारी त्याने माझा हात बाजूला सारला आणि आपलं आपण लिहिलं, 'घर'. वर नजर करून बघितलं माझ्याकडे. मनू, नोकरीची 35 वर्षं मला अशाच क्षणांनी पोसलं, ते मी नाकारणार नाही.

त्याच रात्री आठला मी घरी पोचले. तू भागाकाराची वही घेऊन माझ्यासमोर आलीस. बाकी खाली कशी उतरवायची, एवढंच विचारलंस. मी एकदा सांगितलं, तुला कळलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, तरी कळलं नाही. तिसऱ्यांदा मी ती वही हिसकावून भिंतीवर फेकली. "शिक्षिकेची मुलगी असून एवढं येत नाही?" असंही म्हणाले. वहीचं खाकी कव्हर फाटलं. तू रडली नाहीस. वही उचललीस, स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यातलं भाताचं शीत घेतलंस आणि खाली बसून कव्हर चिकटवत राहिलीस. शीत बोटाने दाबायचीस, फुंकर घालायचीस. मी दारातून बघत होते आणि माझं पाऊल पुढे पडलं नाही.

परक्याच्या लेकराला दोन महिने दिले आणि पोटच्या पोरीला तीन वेळा सांगताना माझी गाठोडी रिकामी झाली. प्रेम कमी पडलं असं नाही. दिवसाला जेवढा धीर असतो तेवढा मी शाळेत मोजून संपवला होता, तागडीनं तांदूळ संपवावा तसा. घरी आलेली बाई नुसती पोत्यासारखी होती.

तेव्हा मी स्वतःला एक सबब सांगायची, ती तुला सांगते, कारण तूही ती सांगशील. आपल्या कराडजवळच्या काले गावात 1919 साली कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून बोर्डिंगच्या मुलांना जेवू घातलं, ही गोष्ट आम्ही शिक्षक लोक एकमेकांना किती वेळा सांगत आलो आहोत. ती ऐकून माझा ऊर आजही भरून येतो. पण त्या माउलीच्या त्यागाचा दाखला मी माझ्या तिरसटपणावर पांघरूण म्हणून घातला. त्यांनी आपलं सोनं दिलं होतं. मी देत होते ते तुझ्या वाट्याचं होतं, आणि तुला विचारलंही नव्हतं.

शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाला आठवड्याला 45 तास लिहिले आहेत, पाठाच्या तयारीसकट. तुझा आठवडा मोजून बघ एकदा, प्रवास न धरता. त्याच कायद्याच्या 27 व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं शिक्षकाला देता येतील असंही आहे. म्हणजे 2027 च्या जनगणनेला तुझं नाव यादीत येण्याची तयारी ठेव. तिची सुरुवात 2026 सालच्या घरांच्या नोंदणीपासूनच. तेव्हाही छोट्या लहानच असेल. हे मी भीती घालायला सांगत नाही, आधी ठाऊक असावं म्हणून सांगते. मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वहीनंतर मी एक गोष्ट केली, ती तुला आठवत असेल, पण तिचं कारण मी तुला कधी सांगितलं नसेल. घरी आलं की हातपाय धुऊन मधल्या खोलीत जायचं, दार लोटायचं आणि वीस मिनिटं जमिनीवर पाठ टेकायची. तोवर चहा बाबांनी करायचा आणि तुझं काय असेल ते त्यांनीच बघायचं. तुझ्या आजीला हे अजिबात पटलं नाही. "बाई आल्या की आडव्या होतात" हे मी दाराआडून रोज ऐकायची. पहिला महिना मी पडून नुसती रडले. बाबा एक अक्षर बोलले नाहीत, पण चहाचं आधण त्यांनी एक दिवसही चुकवलं नाही. तेवढ्याने माणसात यायची मी. पुढे तुला भागाकार आला तो बाहेर आल्यावरच्या अर्ध्या तासात, खडूने फरशीवर लिहून.

तेव्हा तुझ्या घरी हे कसं बसवायचं ते जावईबापूंशी बोल. ते समजूतदार आहेत, पण न सांगता पुरुषाला यातलं काही दिसत नाही. छोट्याला बालवाडीतून आणणं आणि त्याचं संध्याकाळचं खाणं त्यांच्याकडे दे. मदत म्हणून मागू नकोस, त्यांचं काम म्हणून दे. ग्रुपवर रात्री नऊला माहिती मागतात, ती सकाळी शाळेत जाऊन भर. कुणी बोललं तर ऐकून घे.

आणि शाळेतही सगळा धीर खर्चू नकोस, बाळा. हे शिक्षिकेने शिक्षिकेला सांगू नये असं कुणी म्हणेल, मला ते मान्य नाही. चौथीच्या चार शहाण्या पोरींना पहिलीची नऊ लेकरं वाटून दे, मुळाक्षरं त्या घेतील. त्यांचं स्वतःचं वाचनही त्यात पक्कं होतं, मी पाटणला वर्षानुवर्षं हे केलंय. ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर जाणाऱ्या त्या दोन भावंडांसाठी तुझा जीव तुटतो ते मला कळतं. त्यांना मागे ठेवून घ्यायला त्यांच्या आजीला राजी केलंस, हे फार मोठं काम झालं. पण एखादं अक्षर आज आलं नाही तर उद्या येईल. चार वाजता हातात थोडं शिल्लक ठेवून एसटीत बस.

छोट्याला तू सॉरी म्हणालीस का? म्हणाली नसशील तर म्हण. चार वर्षांच्या पोराला काय कळतं असं मनात आणू नकोस. पलंगाखाली जाऊन बसायचं त्याला कळलं ना.

मी तुला म्हणाले नव्हते. चोवीस वर्षं झाली. मनू, त्या वहीबद्दल आणि मी त्या रात्री बोलले त्याबद्दल मला माफ कर. तुला ते आठवत नसेल तर बरंच आहे. पण परवा तू फोनवर "परक्यांच्या लेकरांशी" म्हणालीस तेव्हा मला वाटलं, तुला आठवतंय.

बुधवारच्या गाडीने मी मिरजेला येते आणि सर परत रुजू होईपर्यंत राहते. बाबा इथे जेवणाचं बघतील. शनिवारी तुझी सकाळची शाळा असते, तेव्हा पहाटेचा डबा माझ्याकडे. शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे, तिखट बेताचं टाकलंय, छोट्यालाही चालेल.

तुझी,
आई