प्रवेशिकेत कापडाला रकाना हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शहर पुरवणीत एका सामूहिक कलाप्रदर्शनाचे वृत्त वाचले. तैलचित्रांविषयी वार्ताहराने अवकाश, रंगलेपन, छायाप्रकाश असे भरभरून लिहिले आहे. त्याच भिंतीवर दोन कापडी कृतीही होत्या. त्यांच्या वाट्याला एक ओळ आली आणि तीत आजीच्या मायेची ऊब होती. वार्ताहराला मी बोल लावत नाही. आयोजकांनीच सूचिपत्रात त्या कृती 'हस्तकला व इतर' या सदरात, शेवटच्या पानावर टाकल्या होत्या. तेव्हा हे पत्र आपल्या नावे असले तरी आपल्यामार्फत ते शहरातल्या प्रदर्शन-आयोजकांसाठी आहे.

पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर मी कापडाची चित्रे करते. आर्ट क्विल्ट म्हणतात त्यांना. वर चित्राचा थर, मध्ये वॅडिंग म्हणजे मऊ भरावाचा थर, खाली अस्तर आणि तिन्ही थरांना एकमेकांशी धरून ठेवणारे टाके, एवढीच रचना. ती पांघरायची नसते, भिंतीवर लावायची असते. 'मग धुवायची कशी?' असे हटकून विचारले जाते. तैलचित्र कसे धुता, असे मी विचारते, मग विषय बदलतो.

आता तक्रार. शहरातल्या एका निवड-प्रदर्शनाची प्रवेशिका मी भरली. 'माध्यम' या रकान्यात तैलरंग, जलरंग, ॲक्रिलिक, मुद्राचित्र, शिल्प, छायाचित्र एवढे पर्याय. कापड नाही. खाली ठळक अक्षरांत 'फ्रेम व काच अनिवार्य'. फोन करून विचारले तर उत्तर आले, 'मिश्र माध्यमावर खूण करा, बाकी बघून घेऊ.' बघून घेतले ते असे: माझ्या कृतीच्या मागे टांगायची दांडी ओवण्यासाठी शिवलेला नेफा कोणी उघडूनही पाहिला नाही. वरच्या दोन कोपऱ्यांना कागदाचे काळे क्लिप लावले आणि नायलॉनच्या दोऱ्याने ती टांगली. मध्यभाग खाली आला, कोपरे वर ओढले गेले. परीक्षकांच्या शेऱ्यात लिहून आले की 'कृती सपाट लागत नाही'. ज्यांनी टांगली त्यांनीच हे लिहावे, याला काय म्हणायचे?

सपाट लागणे या एका गोष्टीसाठी आम्ही काय काय करतो, हे परीक्षकांच्या कानावर घालावे म्हणते. ती कृती मुठेच्या पुराची होती. खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो, पुणेकरांना ते दृश्य नवे नाही. गढूळ पाण्यासाठी मी मलमल चहाच्या दाट पाण्यात रंगवली आणि काही पट्ट्यांना गंजलेल्या खिळ्यांचे पाणी दाखवले. चहातल्या टॅनिनला लोखंड भेटले की तपकिरी रंग करडा होतो, हात राखून घातले तर काठावरच्या सावलीचा रंग मिळतो. लोखंड जास्त झाले तर कापड काही वर्षांनी विरू लागते. जुन्या चिटांवरचे, म्हणजे छापील सुती कापडांवरचे, काळे भाग आधी झिजलेले दिसतात, त्यामागे बहुतेक हेच लोखंड असते. पुलाची करडी पट्टी जुन्या फुलपँटच्या कापडाची आहे. तिच्याखाली पाण्याचा जोर दाखवायला धावदोरा अगदी जवळजवळ घातला, आणि वर आभाळात टाके विरळ ठेवले.

इथेच घोटाळ्याचे मूळ असते. दाट टाके कापड ओढून घेतात, विरळ टाके घेत नाहीत. त्यामुळे खालचा भाग आकसतो, वरचा तसाच राहतो, आयताचा समलंब चौकोन होतो आणि कडा लहरू लागतात. जमिनीवर पसरले असता हे दिसत नाही. भिंतीवर चढवले की लगेच दिसते. उपाय आहे, पण तो कष्टाचा आहे. सगळे टाके झाले की कृती ओली करून सपाट पसरायची, कडेने टाचण्या मारत ताणायची, दोन्ही कर्ण टेपने मोजायचे, ते सारखे येईपर्यंत टाचण्या सरकवायच्या आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायची. त्यानंतरच कडा कापून गोट लावायचा. कर्णातला फरक मिलिमीटरमध्ये मोजायची माझी खोड ड्रॉइंग ऑफिसातली. घरचे हसतात. पण ओले करण्याआधी प्रत्येक रंगीत तुकड्यावर ओला पांढरा कपडा दाबून रंग सुटतो का ते पाहावेच लागते. लाल खण आणि गडद निळा यांचा तर अजिबात भरवसा नाही.

मागचा नेफाही असाच. परकराला असतो तसाच, फक्त आडवा आणि चांगला 10 सेंटीमीटर रुंद, मांजरपाटाचा. तो अस्तराला हाताने शिवायचा, टाका पुढच्या बाजूला येऊ द्यायचा नाही. शिवताना त्याला किंचित झोळ ठेवायचा, म्हणजे दांडीची जाडी मागच्या मागे मावते आणि पुढे उंचवटा येत नाही. दांडी कृतीच्या रुंदीपेक्षा थोडी आखूड, म्हणजे पुढून दिसत नाही आणि वजन मात्र सगळ्या रुंदीवर सारखे पडते. बाहेरच्या देशांतल्या क्विल्ट-प्रदर्शनांच्या नियमावलीत नेफ्याची रुंदी छापलेली असते. माझ्या प्रवेशिकेत काचेची जाडी छापली होती.

आता कोणी म्हणेल, हे परदेशी खूळ इथे कशाला? खूळ कसले! अमेरिकेतही क्विल्ट आधी पलंगावरच होत्या. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने त्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या आणि लोकांना रंगांची मांडणी दिसू लागली. 1979 मध्ये ओहायोतल्या अथेन्स गावी, गाईंच्या एका जुन्या गोठ्यात, क्विल्ट नॅशनल नावाचे निवड-प्रदर्शन सुरू झाले. ते दर दोन वर्षांनी भरते. तिथे कल्पना स्वतःची असावी लागते, दुसऱ्याचा नमुना उतरवलेला चालत नाही आणि थर टाक्यांनी धरलेले असावे लागतात. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून केलेल्या क्विल्ट 2002 मध्ये व्हिटनीत लागल्या आणि 2006 मध्ये तिथल्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. आपल्याकडेही 2019 मध्ये चेन्नईत इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल भरला. पुण्याला काय कमी आहे? रविवार पेठेत कापडगंज आहे, तुळशीबागेत हवा तो दोरा मिळतो, बालगंधर्वला आणि घोले रोडला महापालिकेची कलादालने आहेत. कमी आहे ती एक पानभर नियमावली.

ती कशी असावी, तेही सांगते. माध्यमाच्या रकान्यात 'वस्त्र' हा शब्द यावा आणि त्याला काच-फ्रेमची अट नसावी. काचेला चिकटलेले कापड दमट हवेत ओल धरते, बुरशी येते. पुण्याच्या श्रावणात हे होणारच. त्याऐवजी नेफ्याची रुंदी आणि दांडी कोणी आणायची, हे लिहावे. निवड छायाचित्रावरून होणार असेल तर दोन छायाचित्रे मागावीत. एक पूर्ण कृतीचे, चारही कडा दिसतील असे, आणि दुसरे जवळून, टाका दिसेल असे. टाका न पाहता क्विल्टची निवड करणे म्हणजे गाणे बंद ठेवून गवयाचे हावभाव पाहणे. छायाचित्रात नाव नको, म्हणजे समितीला कोणाचे काम आहे ते कळणार नाही. पुण्यात हे विशेष गरजेचे, कारण इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. आणि निवड समितीवर पाच जण असतील तर त्यातला एक तरी सुई हातात धरलेला असावा. फार मागत नाही.

उजेडाचेही लिहावे. संग्रहालयांत कापडासाठी 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आसपासचा मंद प्रकाश योग्य मानतात. आपल्या दालनांतले स्पॉटलाइट त्याच्या कितीतरी पुढे जातात. आठवडाभराच्या प्रदर्शनात रंग उडणार नाही हे खरे, पण उन्हाच्या खिडकीसमोरची भिंत कापडाला देऊ नये, एवढे तरी कळावे. 'स्पर्श करू नये' ही पाटी तैलचित्राखाली सहसा कोणी लावत नाही, कारण सहसा कोणी हात लावत नाही. कापड दिसले की लोकांचा हात आपसूक जातो, भेळ खाऊन आलेला सुद्धा. पाटी लावावी. त्याहून बरे म्हणजे शेजारी त्याच कापडाचा, तसेच टाके घातलेला एक छोटा तुकडा टांगावा आणि लोकांना खुशाल चाचपू द्यावे.

आमच्या बाजूनेही ढिलाई असते, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शिबिरात बाईंनी शिकवलेला नमुना जसाच्या तसा शिवून तो स्वतःची कलाकृती म्हणून पाठवणारे आहेत. मोबाइलवरचे चित्र कापडात उतरवणारेही आहेत. मांजराचे केस, पेन्सिलीच्या खुणा, डांबरगोळ्यांचा वास यांसह कृती दालनात येतात. घडी घालून पाठवल्या की मधोमध पडलेली चूण प्रदर्शन संपेपर्यंत जात नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या कापड दुकानात ताग्याच्या पुठ्ठ्याच्या नळ्या मागितल्या तर देतात. नळीला धुतलेली मलमल गुंडाळावी, कृतीची चित्राची बाजू बाहेर ठेवून ती त्यावर गुंडाळावी, वर पुन्हा कापड आणि पाऊस असेल तर सगळ्यात बाहेर प्लास्टिक. प्लास्टिक थेट कापडाला लागू देऊ नये. नियमावलीत हे आले तर नवशिक्यांना दोनदा सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला माझ्या तक्रारीपेक्षा मोठी वाटते. उपनगरांत दारोदार फिरून गोधड्या शिवणाऱ्या बायका आजही दिसतात. आपण जुन्या साड्या देतो, त्या फुटपाथवर पसरून शिवतात. त्यांच्यातली एखादी हिरव्या इरकलीशेजारी फिका गुलाबी का ठेवते आणि काठ उलटा का फिरवते, हे थांबून पाहावे. मापाचा कागद नाही, खडूची खूण नाही, तरी कोपऱ्यापासून सुरू झालेला धावदोरा मधल्या चौकोनात बिनचूक येऊन संपतो. अशी गोधडी एखाद्या प्रदर्शनात येते तेव्हा ज्यांच्या संग्रहातली आहे त्यांचे नाव खाली असते, शिवणारीचे नसते. निवड-प्रदर्शनाची प्रवेशिका इंग्रजीत, ऑनलाइन, वर शुल्क. ती बाई तिथवर पोचणार कशी? प्रवेशिका मराठीत असावी, छायाचित्र काढून द्यायची सोय दालनात एक दिवस तरी असावी आणि अशा कारागिरांना शुल्क माफ असावे. अभिनव कला महाविद्यालयासारख्या संस्थेतले विद्यार्थी छायाचित्रांचे काम आनंदाने करतील असे वाटते. आणि फलकावर शिवणारीचे नाव हवेच. गोधडी ज्यांच्या संग्रहातली त्यांचे नाव देणे न देणे आयोजकांच्या मर्जीवर.

अशा बाईची कृती आणि माझी कृती एकाच रकान्यात, नाव झाकून, एकाच समितीसमोर गेली तर माझी वगळली जाण्याची शक्यता बरीच आहे. चालेल. 'सपाट लागत नाही' या शेऱ्यापेक्षा ते परवडले.

दिवाळीनंतर प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो आणि प्रवेशिका त्याच्या आधी छापल्या जातात, म्हणून आत्ताच लिहिते आहे. 'वस्त्र' विभागासाठी एका पानाचा मराठी मसुदा आणि नेफ्याची मापांसह आकृती मी या पत्रासोबत जोडली आहे. आकृती छापायला जागा नसेल तर हरकत नाही, पण कोणा आयोजकाने मागितली तर आपल्या कार्यालयातून झेरॉक्स द्यावी ही विनंती. मापे सेंटीमीटरमध्ये आहेत. दांडी पडद्यांच्या दुकानात मिळते.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे
(नाव-पत्ता कार्यालयासाठी स्वतंत्र दिला आहे, तो छापू नये.)