तुमच्याच यादीतली ठिकाणे, तुमच्याच हद्दीबाहेर

दि. १३ मे २०२५
ठाणे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
विद्युत स्कूटर भाडेसेवा, मुख्य कार्यालय

विषय : जळगाव येथील ‘शहर फेरी’ योजनेत अनामत रकमेतून कापलेले १,००० रुपये व न मागता आकारलेले ४९ रुपये परत मिळणे, तसेच चालत्या गाडीचा वेग परस्पर कमी केल्याबाबत तक्रार.

महोदय,

मी ठाण्याला राहते, माहेर जळगावचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले होते. सण आटोपल्यावर शनिवारी, ३ मे रोजी सकाळी मी आणि माझी वहिनी, दोघींनी रेल्वे स्टेशनजवळच्या तुमच्या थांब्यावरून एक स्कूटर भाड्याने घेतली. तुमची चार तासांची ‘शहर फेरी’ योजना, भाडे ३९९ रुपये, अनामत १,००० रुपये. वाहन चालवण्याचा परवाना, आधार, सेल्फी, अ‍ॅपने जे मागितले ते सगळे दिले.

‘शहर फेरी’च्या पानावर तुम्ही फोटोंसकट चार ठिकाणे दिली आहेत: काव्यरत्नावली चौक, मेहरूण तलाव, गांधीतीर्थ आणि आसोदा. ही यादी मी केलेली नाही, तुम्ही केली आहे. यातली शेवटची दोन ठिकाणे तुमच्या स्कूटरला जायला मनाई असलेल्या भागात येतात. ही मनाई मला कळली ती भर रस्त्यात गाडी रांगायला लागली तेव्हा. आणि त्याबद्दल दंड भरला मी. माझी तक्रार मुळात एवढीच आहे.

आधी जे चांगले झाले ते सांगते, नाहीतर म्हणाल बाईला सगळेच वाईट दिसते. सकाळी आठच्या सुमारास निघालो तेव्हा गाडी छान चालत होती. जुन्या जळगावातल्या बोळांमध्ये आवाज न करणारी गाडी म्हणजे सुखच. माझा जन्म या गावातला, पण लग्नानंतर गाव बघायचे राहूनच गेले होते. रिक्षात बसून गाव दिसत नाही, आणि भावाच्या मोटरसायकलवर मागे बसले की भाऊ कुठेच थांबत नाही. काव्यरत्नावली चौकात आम्ही मुद्दाम थांबलो. वहिनी रोज त्या चौकातून जाते, पण नावामागे काय आहे ते तिला ठाऊक नव्हते. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली जळगावातून ‘काव्यरत्नावली’ हे नुसत्या कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले. १९०७ साली याच गावात कविसंमेलन भरले आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला तिथे ‘बालकवी’ हे नाव मिळाले. तुमच्या अ‍ॅपमध्ये या चौकाच्या माहितीत दोनच शब्द आहेत, ‘सेल्फी पॉइंट’. तक्रारीत हा मुद्दा धरू नका, पण ज्या गावात धंदा करता त्या गावाबद्दल दोन ओळी तरी लिहायला हरकत नव्हती.

मेहरूणवर पाऊण तास गेला. तलावाकाठी सकाळचा वारा होता, आणि वैशाखात जळगावला वारा मिळणे ही काय चीज आहे हे इथल्या माणसालाच कळेल. दहानंतर इथले ऊन अंगावर येते, म्हणून घाईने उठलो आणि शिरसोली रस्त्याला लागलो. जैन हिल्सवर गांधीतीर्थ हे महात्मा गांधींवरचे संग्रहालय बघायचे, मग गावात परतून ताक प्यायचे आणि जमले तर आसोद्याला जायचे, असा बेत होता. आसोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचे माहेर, १८८० साली त्या तिथे जन्मल्या. आखाजीला माहेरी आलेल्या बाईने बहिणाबाईंचे माहेर पाहावे, ही कल्पना वहिनीची. तुमच्या यादीत आसोदा दिसले म्हणून तर तिने तुमची गाडी सुचवली.

शिरसोली रस्त्यावर थोडे पुढे गेलो आणि गाडीने एकदम मान टाकली. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळला तरी वेग पायी चालणाऱ्याएवढा. मागून वाळूचा डंपर येत होता. त्याने जोरात हॉर्न दिला आणि अगदी जवळून निघून गेला. वहिनी मागे बसली होती, तिने माझा खांदा इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत दुखत होता. गाडी कशीबशी कडेला घेतली. बॅटरी पाहिली तर ६१ टक्के. मोबाइल पाहिला तर नकाशावर आम्ही उभ्या होतो तो भाग लाल झाला होता आणि खाली संदेश होता, ‘आपण सेवा क्षेत्राबाहेर आहात.’ हा लाल रंग सकाळी गाडी घेताना नकाशावर नव्हता. तेव्हा काढलेला स्क्रीनशॉट सोबत आहे. त्यात तुमची चारही ठिकाणे हिरव्या टिकल्यांनी दाखवली आहेत आणि हद्दीची रेघ कुठेही नाही.

उन्हात उभे राहण्यापेक्षा इथेच फेरी संपवावी म्हटले, तर अ‍ॅप म्हणाले, हद्दीबाहेर फेरी संपवता येणार नाही. म्हणजे पुढे जाता येत नाही, थांबताही येत नाही, आणि मिनिटांचा मीटर चालूच. तुमच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बऱ्याच वेळाने ज्यांनी उचलला त्या गृहस्थांना शिरसोली रस्ता, मेहरूण, जैन हिल्स यातले काहीच माहीत नव्हते. ‘मॅडम, गाडी झोनमध्ये घेऊन या’ एवढे एकच वाक्य ते हिंदीत पुन्हा पुन्हा सांगत राहिले. झोन कुठे सुरू होतो ते त्यांना सांगता येईना. बोलता बोलता त्यांच्याकडून काहीतरी दाबले गेले असावे, कारण फोन ठेवल्यावर गाडीची मोटर पूर्ण बंद पडली. ढकलायला लागलो तर चोरीचा अलार्म सुरू झाला.

मग सणाचे कपडे घातलेल्या दोन बायका बोंबलणारी गाडी ढकलत शिरसोली रस्त्याने निघाल्या. एका निंबाच्या सावलीत थांबलो तर तिथे बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी माठातले पाणी दिले.

‘काय झालं व माय, चार्जिंग सरलं का?’
‘नाही बाबा, चार्जिंग आहे.’
‘मंग बिघडली?’
‘बिघडलीही नाही.’
‘मंग?’
‘कंपनी पुढे जाऊ देत नाही.’

बाबांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट पाहिले. ‘कुठं हाये कंपनी?’

हाच प्रश्न मी आता आपल्याला लेखी विचारते आहे.

गाडी हद्दीत आली तसा अलार्म थांबला आणि मोटरही सुरू झाली. थांब्यावर पोचेपर्यंत एक वाजून गेला होता. संध्याकाळी हिशेब आला: सेवा क्षेत्राबाहेर गेल्याचा दंड ५०० रुपये, जादा ७० मिनिटांचे तीन रुपये दराने २१० रुपये, ‘वाहन परत आणण्याचे शुल्क’ २९० रुपये. बेरीज बरोबर १,००० रुपये. अनामतही तेवढीच होती, हा योगायोग मी नोंदवून ठेवते. पण वाहन परत आणले कुणी? मी आणि वहिनीने. तुमचा माणूस आला नाही, टेम्पो आला नाही. आम्हीच केलेल्या मजुरीचे शुल्क आमच्याकडूनच कसे घेतले, याचा खुलासा करावा. लग्नाच्या पत्रिकेत जेवणाचे आमंत्रण छापायचे आणि मांडवात ताट वाढले की पैसे मागायचे, असा हा प्रकार आहे.

आता वेग कमी करण्याबद्दल, कारण पैशापेक्षा मला ही गोष्ट गंभीर वाटते. माझा भाचा याच विषयात शिकतो, त्याने समजावून सांगितले. गाडीत जीपीएस आणि सिमकार्ड असते, गाडी कुठे आहे हे तुमच्या सर्व्हरला कळत राहते, आणि नकाशावर आखलेल्या रेघेबाहेर ती गेली की मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरला वेग कमी करण्याचा हुकूम जातो. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून ही सोय असेल तर समजू शकते. पण ती चालत्या गाडीवर, मागून अवजड वाहने येणाऱ्या रस्त्यावर, आधी एकही सूचना न देता वापरायची? जीपीएसचा अंदाज काही मीटर इकडे-तिकडे होऊ शकतो, म्हणजे हद्दीच्या आतून चाललेल्या माणसावरही हा प्रसंग येऊ शकतो. हद्द जवळ आली की आधी सांगा, आवाज द्या, आणि गाडी अडवायचीच असेल तर ती उभी राहिल्यावर अडवा. हे करणे अवघड नाही, असे भाच्याचे म्हणणे आहे.

आणखी एक. गाडीची नंबरप्लेट हिरवी आहे, तिच्यावर अक्षरे पांढरी. विजेच्या गाडीवर पांढरी अक्षरे म्हणजे खासगी नोंदणी. हे भावाने थांब्यावर पाहताक्षणी दाखवले. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही, आणि अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. त्या डंपरने धक्का दिला असता तर आमच्या उपचारांचा खर्च कुणी केला असता? गंमत म्हणजे बुकिंग करताना ४९ रुपयांच्या ‘सुरक्षा कवच’ नावाच्या चौकोनात आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली होती. ती मी केलेली नाही. हे कवच नेमके कशाचे, कोणत्या विमा कंपनीचे, पॉलिसी क्रमांक काय, हे पावतीवर कुठेही नाही. ते लेखी कळवावे.

बॅटरीविषयी मला काही म्हणायचे नाही. ‘एका चार्जमध्ये १०० किलोमीटर’ हा आकडा ठरावीक चाचणीतला असतो. दोन माणसे बसली, पारा चाळिशीपार गेला, की तो खाली येणारच, इतके आम्हालाही कळते. आमची गाडी बॅटरीमुळे थांबलेली नाही, एवढे मात्र तुमच्या नोंदीतही दिसेल.

त्याच संध्याकाळी अ‍ॅपमधून तक्रार केली होती. ‘आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे यंत्राने लिहिलेले उत्तर आले आणि तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद झाली. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्यापासून ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याच्या आत तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. पोच आली असे धरू, निवारण कुठे आहे? ग्राहकाला न विचारता खरेदीत जादा वस्तू घुसवणे हा प्रकार केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे अ‍ॅप-वेबसाइटवरच्या फसव्या मांडणीविषयीच्या, मार्गदर्शक सूचनांत नाव घेऊन नोंदवला आहे. जिथे जाता येत नाही ती ठिकाणे जाहिरातीत दाखवणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

तुमच्या अटींमध्ये वाद तुमच्या मुख्य कार्यालयाच्या शहरातच चालेल असे लिहिले आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मात्र ग्राहकाला तो राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू देतो. मी ठाण्याला राहते. सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्कही लागत नाही.

भाड्याचे ३९९ रुपये मी परत मागत नाही. मेहरूणपर्यंतची फेरी तुमच्या गाडीनेच झाली आणि ती चांगली झाली, त्याचे पैसे तुमचे. मागणी आहे ती अनामतीतून कापलेल्या १,००० आणि न मागता लावलेल्या ४९ अशा एकूण १,०४९ रुपयांची. शिवाय ‘शहर फेरी’च्या पानावर एकतर हद्दीची रेघ दाखवावी आणि गांधीतीर्थ व आसोदा काढून टाकावे, नाहीतर हद्द तिथपर्यंत वाढवावी. माझ्या मते दुसरे केलेले बरे. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला जळगाव दाखवायचे आणि ही दोन ठिकाणे टाळायची, याला काही अर्थ नाही. या दोन ठिकाणांकडे जाताना आजवर ज्यांच्याकडून दंड घेतला त्यांचेही पैसे त्यांनी मागायची वाट न पाहता परत करावेत. ती नोंद तुमच्याकडे मिनिटागणिक आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून मी जिल्हा आयोगाकडे जाईन. रक्कम ज्या बँक खात्यातून घेतली त्याच खात्यात जमा करावी. अ‍ॅपमधले कूपन, पॉइंट किंवा पुढच्या फेरीवरची सवलत मला चालणार नाही, कारण तुमची गाडी मी पुन्हा घेणार नाही.

आपली,
एक ग्राहक

सोबत : पावती, अनामत कपातीचा हिशेब, सकाळचा आणि रस्त्यातला नकाशा, नंबरप्लेटचा फोटो.