गिरणीवाल्या काकांना

काका, नमस्कार. समोर बोलायला गेले की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहितेय, नात वाचून दाखवेल तुम्हाला.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या तुमच्या गिरणीवर माझी आत्या चाळीस वर्षं दळण आणायची, भाजणी जाडसरच हवी म्हणून भांडायची. शेवटच्या वर्षात ती यायची बंद झाली आणि दळण तिच्या घरात असणारा तो माणूस आणायला लागला, हे आधी तुमच्या लक्षात आलं, आमच्या नाही. आम्ही पुण्यात, फोन केला की तोच उचलायचा आणि आत्या झोपलीय म्हणायचा. हे मला अजून टोचतं.

ती गेल्यावर तेराव्याच्या दिवशीच त्याने मृत्युपत्र काढलं, घर, एफडी सगळं त्याला. खाली अंगठा! आत्या शाळेत शिकवायची, बँकेच्या स्लिपवर शेवटपर्यंत सही करायची. पासबुक भरून आणलं तर पेन्शन जमा झाली की दोन-तीन दिवसात एटीएममधून दहा-दहा हजार निघालेले, आणि ती तर आयुष्यात कधी एटीएममध्ये गेली नाही. मृत्युपत्रावर साक्षीदार दोन, त्यात एक सही तुमची. मी रागातच गिरणीवर आले. तुम्ही मोटर बंद केलीत आणि सांगितलंत की त्याने गल्ल्यावर कागद ठेवला, पेन्शनचा फॉर्म आहे म्हणाला, तुम्ही सही केलीत, आत्या तिथे नव्हतीच.

या एका वाक्याची किंमत मला वकीलबाईंकडे कळली. १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यात कलम ६३ आहे, त्यात कमीत कमी दोन साक्षीदार लागतात, प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही-अंगठा करताना पाहिलेलं हवं किंवा त्याने स्वतः तसं सांगितलेलं हवं, आणि साक्षीदारानेही त्याच्यासमोरच सही करायची. आणि १९५९ पासून सुप्रीम कोर्ट सांगतंय की ज्याला फायदा त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल तर शंका त्यानेच दूर करायची. वकीलबाई म्हणाल्या रजिस्टर केलेलं असतं तरी हे सगळं विचारता आलंच असतं.

त्याच्या बाजूच्यांनी कोर्टात दुसऱ्या साक्षीदाराला उभं केलं, तुम्हाला टाळलं, म्हणून आम्ही बोलावलं. तुम्ही गिरणी बंद ठेवून दिवाळीपुराच्या कोर्टात आलात, पहिल्या तारखेला नुसतं बसून परत गेलात, दुसऱ्या वेळी त्यांच्या वकिलाने न वाचता सही करता का म्हणून सगळ्यांसमोर विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, "हो, चूक झाली माझी, पण बाई तिथे नव्हत्या." कोणी स्वतःची चूक अशी कबूल करतं का हो? तुम्ही गप्प बसला असतात तर कोणी काही म्हटलं नसतं.

निकाल यायचाय. पण माझ्या आत्याच्या बाजूने कोणीतरी उभं राहिलं, ते तुम्ही. मनापासून आभार काका.

उरलेली उलटतपासणी पुढच्या तारखेला आहे, रिक्षा करू नका, मी आदल्या रात्रीच बडोद्याला येतेय, सकाळी दहाला गाडी घेऊन दारात येते.