दादाला तूच सांग

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

दिवाळीनंतर तुझं पत्र आलं, त्याचं उत्तर आज लिहितोय. रागावला असशील तर राग जरा बाजूला ठेव, कारण काम तुझ्याकडेच आहे. माझी शुगर ताब्यात आहे, हिचे गुडघे तसेच. झालं आमचं.

दादा परत नोकरीवर निघालाय. सदुसष्टाव्या वर्षी! कुठल्याशा धरणाच्या कामावर सल्लागार म्हणून बोलावलंय. जवळचं इस्पितळ तीन तासांवर. नेमणुकीचं पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून देवघराशेजारी ठेवलंय आणि येईल त्याला काढून दाखवतो. वहिनी काही बोलत नाहीत, नुसती भांडी आपटतात. दोन स्टेंट पडलेला माणूस हा. संध्याकाळपर्यंत पाय असे सुजतात की चपलेचा पट्टा शेवटच्या भोकातही बसत नाही, मग टाच दाबून तशीच फरफटत चालतो. मी विचारलं तर म्हणतो, उन्हाळ्यामुळे. थंडीत उन्हाळा!

हे तुलाच का लिहितोय, तर आबांचं जाणं तू पाहिलंस म्हणून. आणि दुसरं कारण ऐकलंस तर चाट पडशील: कॉर्नवॉलिस, कंपनी सरकारचा तो गव्हर्नर जनरल.

आठवतंय ना, फुलबागेत आपलं त्याच्यावरून किती वाजलं होतं? तू म्हणायचास, दौलतराव शिंद्यांच्या धाकाने इंग्रजांनी ग्वाल्हेर परत केलं. मी म्हणायचो, कंपनीच्या तिजोरीत खडखडाट होता आणि तो म्हाताऱ्याला कळत होता. शेवटी तू माझ्या वाटणीची कचोरी खाऊन वाद मिटवलास. ती कचोरी मी अजून माफ केलेली नाही.

तर दसऱ्यानंतर आत्याच्या अस्थी घेऊन दादा आणि मी काशीला गेलो होतो. परतण्याआधी गाडी करून गाझीपूर गाठलं, लाटसाहेबाची कबर बघायला. हट्ट माझाच. गंगेच्या बाजूला उंच चौथऱ्यावर बारा खांबांची घुमटी आहे. आत जॉन फ्लॅक्समनने घडवलेलं संगमरवरी स्मारक. साहेबाच्या मुखवट्याच्या एका बाजूला ब्राह्मण, दुसऱ्या बाजूला मुसलमान, दोघेही मान खाली घालून शोकात उभे. मागच्या अंगाला एक गोरा आणि एक हिंदी शिपाई. कोण कोणासाठी रडत होतं देव जाणे, पण दगडाचं काम मात्र डोळे निववणारं. दादा पायऱ्या चढताना मध्येच बसला, छाती भात्यासारखी हलत होती. वर आल्यावर तारीख वाचली, ५ ऑक्टोबर १८०५, आणि मला म्हणाला, "बघ, शेवटपर्यंत कामात होता. असं मरण यावं माणसाला."

त्यानंतर पंधरवड्यात त्याने होकार कळवला. आता कळलं माझी झोप का उडालीय?

अरे, त्या मरणात हेवा करण्यासारखं काय आहे? आधीच्या गव्हर्नर जनरलने, वेलस्लीने, लढाया करून कर्ज डोक्यावर आणलं, ते निस्तरायला कॉर्नवॉलिसला दुसऱ्यांदा धाडलं. वय ६६. या वयात हिंदुस्थानला निघणं हा अविचार आहे, हे त्याचं त्यालाही कळत होतं. जुलैच्या शेवटी कलकत्त्याला उतरला तर फौजेचे पगार तुंबलेले. चीनच्या व्यापारासाठी निघालेली रोकड त्याने वळवून घेतली. आणि लगेच होडीतून गंगेने वर निघाला, सेनापती लॉर्ड लेकला भेटून शिंदे-होळकरांशी तह जुळवायला. शेवटचा महिनाभर सकाळचा बहुतेक वेळ तो अर्धवट शुद्धीत पडून असायचा. संध्याकाळी जरा तरतरी आली की कपडे चढवायचे, त्याला खलिते वाचून दाखवायचे, आणि तो उत्तरं सांगायचा. मला तो होडीतला म्हातारा दिसतच नाही रे, मला दादा दिसतो. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत, फाइल मांडीवर घेऊन.

आणि ज्या कामासाठी जीव घातला त्याचं काय झालं? ग्वाल्हेर शिंद्यांना देऊन टाका, इंग्रजांचा वकील (रेसिडेंट) जेंकिन्स याला शिंद्यांनी अडकवून ठेवलंय त्यावर अडून बसू नका, इथपर्यंत त्याची तयारी होती. लेकने शिंद्यांच्या नावाचं त्याचं पत्र पुढे धाडलंच नाही, उलट हरकत लिहून पाठवली. त्या हरकतीला उत्तर द्यायला हा जिवंत राहिला नाही. मागे जॉर्ज बार्लोने कारभार हाती घेतला, कंपनीच्या माल्कमने वाटाघाटी केल्या आणि २२ नोव्हेंबरला मुस्तफापूरला तह झालासुद्धा. ग्वाल्हेर आणि गोहद शिंद्यांकडे, गोहदच्या राण्याला पुढे धौलपूर, बारी, राजाखेडा, मध्ये चंबळ. ग्वाल्हेर-गोहद दिलं तेही हक्क म्हणून नाही, मैत्रीखातर, असं तहात लिहून. सात आठवडेसुद्धा लागले नाहीत. त्याच्याविना काही अडलं?

नाही म्हणायला, त्याचं ऋण मी मानतो, वाद अजून सोडलेला नाही. किल्ला परत मिळाला नसता तर १८१० मध्ये दौलतरावांची छावणी इथे पडली नसती, लष्कर वसलं नसतं, आणि तू नि मी जनकगंजात एकमेकांच्या पतंगी कापत मोठे झालो नसतो. पण त्यासाठी त्याने गाझीपुरात मरायला हवं होतं, हे मला मान्य नाही. कलकत्त्यात पंख्याखाली पडून हेच खलिते लिहवले असते तरी चाललं असतं.

हे सगळं दादाला मी ऐकवलं. तो म्हणाला, "तुला इतिहास कळतो, काम कळत नाही." घरात बसलं की आपण कोणीच नाही, असं त्याला वाटतं, एवढं मला कळतं. मी धाकटा, माझं तो कधीच ऐकणार नाही. तुझं ऐकतो. बोर्डाच्या वर्षी त्याने क्रिकेट सोडलं ते तुझ्या एका वाक्यावर. आबा गेले त्या दिवशी टेबलावर डोकं ठेवलेल्या त्यांना पहिला हात तू लावलास, आणि ऑफिसातले लोक दुपारी तीनपर्यंत त्याच टेबलावरच्या फायली हलवत होते, हे तू त्याला आजवर कधी सांगितलं नाहीस. आता सांग. वाईट वाटेल त्याला, वाटू दे.

तुझ्या नातवाचा दात पडला हे वाचून बरं वाटलं. सूनबाईंची बदली झाली की थांबली, ते कळव. मोतीबिंदूचं ऑपरेशन उगाच पुढे ढकलू नकोस.

दादा येत्या सोमवारी निघायचं म्हणतो. रविवारच्या आत फोन कर. सकाळी नको, तेव्हा त्याला धाप असते आणि माणूस चिडका होतो. चहा झाल्यावर साडेपाचच्या सुमारास कर. पायांच्या सुजेचं मी कळवलं असं म्हणू नकोस. वहिनींचं नाव तर मुळीच घेऊ नकोस, नाहीतर भांड्यांचा आवाज तुला पुण्यापर्यंत ऐकू येईल.

तुझा,
जनकगंजवाला

ता. क. मुरैन्याची गजक कुरिअरने पाठवतोय. दादाला थांबवलंस तर दुसरा डबाही पाठवीन, नाही थांबवलंस तरी पाठवीन, पण फोन कर.