‘ब्रिंग अप’ म्हणजे वर आणणं नव्हे

लेस्टर, इंग्लंड

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद.

ओईटीसाठी, म्हणजे नर्सिंगच्या त्या इंग्रजी परीक्षेसाठी, क्रियापदांच्या याद्या पाठ करून डोकं भणभणतंय म्हणालीस. त्या याद्या जरा बाजूला ठेव. आज फक्त ‘ब्रिंग अप’ घे.

इथे आले त्याच आठवड्यात दुपारच्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवतात तेव्हा, सिस्टर एका आजींबद्दल म्हणाली, ‘शी ब्रॉट अप हर ब्रेकफास्ट.’ मला वाटलं, आजी नाश्ता वर घेऊन आल्या. खरं म्हणजे त्यांना उलटी झाली होती. मी चार्टवर काहीच लिहिलं नाही. तासाभराने सीनियरने विचारलं, ‘रंग कसा होता?’ आणि माझ्या पोटात गोळा आला. कॉफीच्या गाळासारखी काळपट उलटी म्हणजे पोटात रक्तस्राव असू शकतो, हे तूही शिकली आहेस. मला आजार ठाऊक होता, अडलं ते शब्दापाशी. आजींना तसं काही नव्हतं, पण तो तास मी विसरणार नाही.

संध्याकाळी त्याच आजी म्हणाल्या, ‘आय ब्रॉट अप फोर गर्ल्स ऑन माय ओन.’ चार मुली एकटीने वाढवल्या. त्यांची लेक निघताना हळूच सांगून गेली, ‘डोन्ट ब्रिंग अप द हाउस.’ घराचा विषय काढू नका. ते विकायचं ठरत होतं आणि आजींना ते सोसत नव्हतं.

आपलं ‘काढणं’ बघ ना. विषय काढतो, कर्ज काढतो, दृष्ट काढतो, आणि बाबांच्या माघारी आईने दिवस काढले. या अर्थांची यादी आपल्याला कुणी दिली नव्हती. ज्याच्या तोंडून ऐकलं, त्याच्यासकट लक्षात राहिलं. इंग्रजीही तशीच शीक, माणसासकट.

पेशंट ‘ब्रॉट अप’ म्हणेल, पण परीक्षेतल्या रेफरल लेटरमध्ये (पेशंटला दुसरीकडे पाठवतानाच्या पत्रात) तू ‘व्हॉमिटेड’च लिही. रोल-प्लेमध्ये मात्र ते ऐकताक्षणी कळायला हवं. आणि ‘इट’, ‘हर’, ‘अस’ असे शब्द नेहमी मधे येतात: ‘ब्रॉट इट अप’. ‘ब्रॉट अप इट’ कधीच नाही.

रविवारी फोन करते, तेव्हा मी पेशंट होईन आणि तू सिस्टर.

त्या संध्याकाळी मी आजींना आईबद्दल सांगितलं. ‘शी ब्रॉट अस अप,’ म्हटलं. आजींनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला होता. आईला हे वाचून दाखव.

तुझी,
ताई