मग्दालीयेचा काळोख उजळू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जॉर्ज द ला तूरच्या 'पश्चात्तापदग्ध मग्दालीया' (म्हणजे येशूची शिष्या मग्दालीया मरीया) या चित्रावरचा लेख चांगला होता. पण वर्णन एका चित्राचे आणि शेजारी छापलेले चित्र दुसरेच, असा घोळ झाला आहे. तो कोणाचाही व्हावा, कारण आजच्या फ्रान्समधल्या लोरेनच्या या चित्रकाराने (१५९३–१६५२) हा विषय पुन्हापुन्हा रंगवला आणि त्यातली चार चित्रे आज चार संग्रहालयांत आहेत. ओळखायची ती दिव्यावरून आणि कवटीवरून.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधल्या चित्रात मेणबत्ती उघडी दिसते, तिचे प्रतिबिंब नक्षीदार चौकटीच्या आरशात पडते, कवटी मांडीवर असते आणि दागिने जमिनीवर. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रात ज्योत कवटीच्या आड लपली आहे आणि आरशात दिसते ती कवटी. पॅरिसच्या लूव्ह्रमधल्या आणि लॉस एंजेलिसच्या चित्रांत आरसा नाहीच. तिथे काचेच्या भांड्यातला तेलाचा दिवा, धुरकट ज्योत, लाकडी क्रूस, पुस्तके आणि दोरीचा आसूड. ही दोन जवळपास जुळी आहेत; मापाने मात्र लूव्ह्रचे मोठे, १२८ × ९४ सेंमी. लेखातली 'आरशातली कवटी' वॉशिंग्टनची, छापलेले चित्र न्यूयॉर्कचे.

लेखात मग्दालीया मरीयेला शुभवर्तमानातली 'पापी स्त्री' म्हटले आहे. लूकच्या सातव्या अध्यायातल्या त्या स्त्रीला नावच नाही. दोघी एकच, हे पोप पहिले ग्रेगरी यांनी ५९१च्या सुमारास प्रवचनात सांगितले आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ते रुजले. कॅथलिक चर्चच्या १९६९च्या रोमन दिनदर्शिकेनंतर ही जोडणी सोडून दिली गेली. ला तूरला ठाऊक होती ती जुनीच मग्दालीया, हे खरे.

आता मुख्य तक्रार, ती छपाईची. इटालियन चित्रकार कारावाज्योच्या चित्रांत उजेड बहुधा चौकटीबाहेरून येतो. ला तूर दिवा चित्रातच ठेवतो. त्यामुळे ज्योत हाच सर्वांत उजळ बिंदू, आणि बाकी सगळे तिच्यापासूनच्या अंतराने मोजायचे: बाही, मग गालाची कड, मग काहीच नाही. पुरवणीतल्या चित्रात भिंत राखाडी झाली होती, आणि वरचा रिकामा काळोख बहुधा मजकुरासाठी जागा हवी म्हणून कापला होता. तो रिकामा नसतो. दिव्याचा उजेड कुठवर पोचतो हे तोच सांगतो.

हे का होते, तेही साधे आहे. वृत्तपत्राचा कागद शाई शोषतो, ठिपका पसरतो आणि गडद छटांमधले फरक बुजतात. ते वाचवायला सगळे चित्रच एकदम उजळ केले जाते. शिवाय फोटो काढतानाच कॅमेऱ्याच्या आपोआप रंगसंतुलनाने ज्योतीचा नारिंगीपणा काढून टाकला असेल, तर मेणबत्तीचे चित्र ट्यूबलाइटखालचे वाटू लागते.

उपाय अवघड नाही. संग्रहालयाने प्रसिद्ध केलेली प्रतच घ्यावी. कागदाचा कोरा पांढरा फक्त ज्योतीच्या गाभ्यासाठी राखावा, बाहीलाही देऊ नये. कर्व्ह (छटा उजळ-गडद करायची रेषा) उचलायचा तो मधल्या नि गडद छटांच्या दरम्यान, म्हणजे केसांची नि खांद्याची कड सुटी होते. अगदी काळे तसेच सोडावे. गडद भागात निळा, गुलाबी, पिवळा हे तिन्ही रंग एकावर एक चढवण्याऐवजी काळ्या शाईवर भिस्त ठेवावी आणि एकूण शाई (चारही रंगांची टक्केवारी मिळून) २४० टक्क्यांच्या आत ठेवावी. नाहीतर शाई मागच्या पानावर उमटते, आणि छपाईची एखाद्या रंगाची प्लेट जराशी सरकली की ज्योतीभोवती निळी-गुलाबी किनार दिसते.

दुरुस्ती छापणार असाल तर वॉशिंग्टनचे चित्र छापावे. त्यात ज्योतच झाकलेली असल्याने पांढरा कुठे राखायचा हा प्रश्न उरत नाही; जपायची ती कवटीची काळी कड.

आपला,
एक वाचक